शेजारचे ताट

दिवाळीच्या दिवसांत आमच्या वस्तीत ताटांची ये-जा चालते. चकल्या, शेव, करंज्या, अनारसे यांनी भरलेले ताट विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारी जाते, आणि दोन दिवसांनी परत येते तेव्हा त्यात शेजारच्या घरचे काहीतरी असतेच असते. काहीच नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, हा नियम कोणत्या ग्रंथात लिहिला आहे मला ठाऊक नाही. मला तो आईने शिकवला आणि तिला तिच्या आईने. लहानपणी मला या व्यवहाराचे हसू येई. आमच्या चकल्या त्यांच्याकडे, त्यांच्या चकल्या आमच्याकडे. मग ज्याच्या त्याने आपापल्याच खाल्ल्या असत्या तर काय बिघडले असते? चाळिशी उलटल्यावर, आणि तेही एका जंगलाच्या काठावर, मला या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते उत्तर मिळताना माझी थोडी फजितीही झाली. वाचकांनी ती फराळाबरोबर गोड मानून घ्यावी.

गेल्या डिसेंबरात आम्ही नववीच्या वर्गाचे शिबिर बोरच्या जंगलाजवळ नेले होते. वर्ध्याहून सेलू आणि हिंगणी करीत गेले की शेते हळूहळू मागे पडतात, सागाची उंच झाडे सुरू होतात आणि बोर नदीवरच्या धरणाचे पाणी दिसू लागते. या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळी त्याचे क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशातल्या व्याघ्रप्रकल्पांत अगदी धाकटे. पण धाकटे असले तरी त्यात वाघ खरे आहेत. आमचा मुक्काम अर्थातच जंगलात नव्हता. बाहेरच्या एका लहानशा गावाजवळ, परवानगी काढून, आम्ही तंबू ठोकले होते. गावात थोडी घरे गोंडांची, थोडी गोवाऱ्यांची, काही कुणब्यांची. गावाचे नाव मी सांगत नाही. का सांगत नाही, ते पुढे कळेल.

शिबिर म्हटले की कार्यक्रम हवा, आणि कार्यक्रमात ‘ग्रामजीवनाचा अभ्यास’ हवा. त्यासाठी मी एका संध्याकाळी बसून बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. नाव, वय, घरात माणसे किती, घर कुडाचे की विटांचे, पाणी कोठून आणता, दिवसातून किती वेळा जेवता, कर्ज आहे काय, असल्यास किती व कोणाचे, घरात कोणी दारू पितो काय, म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेतो. उत्तरासाठी समोर रकाने. काही रकान्यांत नुसते ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच. कागद सुबक दिसत होता. मुख्याध्यापकांनीही त्याचे कौतुक केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुले दोघा-तिघांच्या टोळ्या करून गावात शिरली. मी एका हुशार मुलीच्या टोळीबरोबर होतो. एका अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलीत बसली होती. तिने आम्हाला बसायला पोते अंथरले आणि बोलता बोलता शेंगांचा एक ढीग मुलींच्या पुढ्यातही सरकवला. नुसते बसून बोलायचे ही कल्पना तिला नसावी. मुलीने कागद काढला व प्रश्न सुरू केले. म्हातारी एकेका प्रश्नाचे उत्तर देत गेली. मुलगा आणि सून कापूस वेचायला गेलेली, एक गाय होती, गवळाऊ, ती दोन वर्षांपूर्वी वाघाने नेली, कर्ज आहे, किती आहे तेही तिने सांगितले, आणि आकडा सांगताना तिचा हात शेंगांवर क्षणभर थांबला. मुलीने तो आकडा रकान्यात लिहिला. हात थांबल्याचे लिहायला रकाना नव्हता.

बाविसावा प्रश्न संपला. मुलीने ‘धन्यवाद आजी’ म्हणून कागद घडी केला. तेव्हा म्हातारी म्हणाली, “झालं काय तुह्यं? आता मी इचारू?”

मुलगी हसून म्हणाली, “विचारा ना.”

“तुह्या घरी किती जन?”

“चार.”

“घर भाड्याचं का सोताचं?”

“स्वतःचं.”

“कर्ज काढून बांधलं का?”

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. तिला ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक असून सांगायचे की नाही ते ठाऊक नव्हते.

“तुह्या बापाची माय कोठी राह्यते?”

“गावाला.”

“एकलीच?”

यावर मुलगी गोरीमोरी झाली आणि म्हणाली, “सर, हे प्रश्न आपल्या प्रश्नावलीत नाहीत.”

म्हातारी मोठ्याने हसली. “अवं पोरी, तुह्या कागदावरचे तरी मले कोनी इचारून लिवले होते?”

मीही हसलो. हसण्याखेरीज गत्यंतर नव्हते. ‘चला, उशीर होतो,’ असे म्हणून मी टोळी उठवली. निघताना म्हातारीने मुलीच्या ओढणीत मूठभर तुरीच्या शेंगा टाकल्या. आम्ही भरलेला कागद आणि भरलेली ओढणी घेऊन परत आलो. तिच्या अंगणात आम्ही काय ठेवून आलो? काहीच नाही. ताट रिकामे परत केले होते, आणि तेही तिचेच.

मास्तरकीत एक सोय असते. आपल्याला पडलेला प्रश्न मुलांना निबंधासाठी देता येतो. परत आल्यावर मी वर्गाला ‘आमचे जंगलातील शिबिर’ हा विषय दिला. त्याच हुशार मुलीच्या वहीत एक वाक्य होते : ‘तेथील लोक गरीब असले तरी सुखी व समाधानी आहेत.’ वाक्य सुरेख होते, शुद्धलेखन निर्दोष होते. मी दहापैकी आठ गुण दिले. रात्री दिवा मालवल्यावर ते वाक्य मला टोचू लागले. कर्जाचा आकडा तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. गाय वाघाने नेल्याचेही लिहिले होते. मग ‘सुखी व समाधानी’ हे तिला कोणी सांगितले? म्हातारी हसली म्हणून? उलट विचार केला तेव्हा लक्षात आले की ते वाक्य तिचे नव्हतेच. असली वाक्ये आम्हीच मुलांना शिकवतो. खेडे आले की ‘निसर्गरम्य’, आदिवासी आले की ‘भोळेभाबडे’, गरिबी आली की लगेच ‘पण समाधानी’. या ‘पण’मुळे आपली झोप शाबूत राहते. समोरचा सुखी आहे एकदा ठरले की आपल्याला काही करायला उरत नाही.

मग कोणी म्हणेल, मुलांना असल्या ठिकाणी नेऊच नये. माणसे काही प्राणिसंग्रहालयातली नव्हेत. त्यांच्या अंगणात जाऊन त्यांचे आयुष्य न्याहाळण्याचा आपल्याला काय अधिकार? हा आक्षेप मला उडवून लावता येत नाही. पण त्याचा शेवट काय होतो तेही पाहिले पाहिजे. आपण आपल्या घरात, ते त्यांच्या घरात. ना आपण विचारायचे, ना त्यांनी. अशा सभ्य अंतराने कोणाचा अपमान होत नाही हे खरे, पण कोणाची ओळखही होत नाही. ज्या वर्गात कापसाच्या बोंडाने कधी बोट ओरबाडले नाही अशी मुले बसतात, आणि तो वर्ग कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात आहे, तिथे ओळख न होणे हेही एक पापच आहे.

आणि आमचा वर्धा जिल्हा तर याच प्रश्नावर पोसलेला. १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ देशापुढे आली. शिक्षण हाताच्या कामातून आणि भोवतालच्या जीवनातून व्हावे, पुस्तकाच्या चार भिंतींत कोंडू नये, हा तिचा गाभा. आम्ही शिबिरे काढतो ती कळत नकळत याच विचाराच्या आधाराने. पण आम्ही त्या विचारातले अर्धेच उचलले असे आता मला वाटते. नई तालीम मुलाला सूत पाहायला सांगत नव्हती, सूत कातायला सांगत होती. पाहणे आणि करणे यांत जे अंतर आहे तेच प्रश्न विचारणे आणि शेंगा सोलणे यांत आहे. म्हातारीने मुलींपुढे ढीग सरकवला तेव्हा त्या अंगणात नई तालीम होती. आमच्या कागदात ती नव्हती.

‘पाहुणा’ या शब्दाची मला बरेच दिवस एक चुकीची समजूत होती. त्यात ‘पाहणे’ आहे, पाहायला येतो तो पाहुणा, असे मला वाटे. कोशात पाहिल्यावर कळले की तो संस्कृतातल्या ‘प्राघूर्ण’ या शब्दावरून प्राकृतातून आलेला आहे आणि पाहण्याशी त्याचे काही नाते नाही. व्युत्पत्तीने मला शहाणे केले, पण मी आणि माझा वर्ग त्या गावात वागलो ते मात्र माझ्या चुकीच्या व्युत्पत्तीप्रमाणे. आम्ही पाहायला गेलो होतो. पाहुणा निराळा असतो. तो उंबऱ्यावर पादत्राणे काढतो, घरधन्याच्या रीतीने वागतो, पुढ्यात येईल ते खातो, आपल्या घरची खुशाली सांगतो आणि निघताना म्हणतो, ‘आता तुम्ही या आमच्याकडे.’ शेवटचे वाक्य पुष्कळदा तोंडदेखले असते, मान्य. पण तोंडदेखले का होईना, ते म्हणावे लागते. त्या एका वाक्याने दोन घरे एका पातळीवर येतात. बावीस प्रश्नांत आम्ही हे वाक्य कुठेच लिहिले नव्हते.

दुसरी गोष्ट वाघाची. आमच्या मुलांची तीन दिवस एकच प्रार्थना चालली होती : एकदा तरी वाघ दिसू दे. रात्री शेकोटीभोवती बसून ती आवाज काढीत, पानांची सळसळ झाली की एकमेकांना चिकटत, आणि त्या भीतीत त्यांना केवढा आनंद होता! गावातली काही पोरे अंधाराच्या कडेला उभी राहून आमची गाणी ऐकत होती. आमच्यातल्या एकाने त्यांना विचारले, “तुम्ही पाहिला का रे वाघ?” त्यातला एक म्हणाला, “पायला. दिसू नये अशीच आमची माय देवाले मनते.” एकाच रात्री, एकाच जंगलाच्या काठावर, एकाच वाघासाठी दोन प्रार्थना वर जात होत्या, आणि देवाने कोणती ऐकायची? आमच्या मुलांना वाघ दिसला असता तर ती जन्मभराची आठवण झाली असती. त्या पोराला दिसणे म्हणजे घरातली एक गाय कमी होणे, किंवा त्याहून वाईट काही.

हे मी वाघाच्या विरुद्ध लिहीत नाही. वाघ राहिला पाहिजे, जंगल राहिले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्या जंगलात वाघ नांदतो त्यातल्या झऱ्यांचे पाणी खालच्या शेतांनाही लागते. प्रश्न एवढाच, की चांगल्या कामाची किंमत कोणी मोजायची? २०१७ साली ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण बोरच्या जंगलात आणून सोडली. ती तिथे रमली नाही. शेतांमधून, गावांच्या कडेने ती शेकडो किलोमीटर भटकली, माणसांचे बळी गेले, तिला मारावे की पकडावे यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला, आणि ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यातच, पीक राखण्यासाठी लावलेल्या विजेच्या तारेला चिकटून ती मेली. दिवाळी तेव्हा चार-पाच दिवसांवर आली होती. शहरांत पुष्कळ माणसे हळहळली, आणि हळहळण्यासारखेच ते होते. पण त्या दोन-अडीच महिन्यांत ज्या गावांनी मुलांना शाळेत एकटे पाठवले नाही आणि दिवस मावळायच्या आत शेत सोडले, त्यांची हळहळ कोणी मोजली? वाघीण बिचारी नेली तिथे गेली. गावकरी होते तिथे राहिले. निर्णय तिसऱ्याच ठिकाणी झाले.

गावातल्या एका मध्यमवयीन गृहस्थांना मी मोठ्या समजूतदारपणे म्हणालो, “वाघ वाचला तर जंगल वाचेल.” ते म्हणाले, “खरं हाय गुरजी. एक-दोन तुमच्या गावातबी ठेवा ना, तिकडेबी झाडं कमीच हायेत.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, विडी पेटवीत सहज म्हणाले. पण माझ्या समजूतदारपणाला त्यानंतर फारसे बोलावेना. ज्या सत्याची किंमत मी मोजत नाही ते सत्य दुसऱ्याला शिकवताना आवाज थोडा खाली ठेवावा, एवढे मला त्या विडीच्या धुरात कळले.

शेवटच्या रात्री आणखी एक प्रसंग घडला. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘आदिवासी नृत्य’ असे छापलेले होते. मी गावातल्या तरुणांना विचारले, “तुमचा नाच दाखवता का मुलांना?” त्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, “आज कोनता सन हाय?” मी म्हणालो, “सण नाही, पण मुले आली आहेत.” तो म्हणाला, “नाच तं आमचा गायगोधनाले असते. ढोरं सजवतो, ढाल निंगते, तवा नाचतो. तुमी दिवाईले या ना. पाव्हने म्हनून या.” मी लगेच म्हणून गेलो, “दिवाळीला कसे येणार? दिवाळीला प्रत्येकजण आपल्या घरी असतो.” बोलल्यावर मला कळले की मी काय बोललो. त्यांच्या सणाला यायला मला सवड नाही. माझ्या सवडीला त्यांनी सण करावा! आमच्या घरी कोणी कार्तिकात येऊन म्हणाले असते, ‘गणपती नाही, पण आम्ही आलो आहोत, आरती करून दाखवा,’ तर आम्ही काय केले असते?

तेव्हा प्रश्न जावे की न जावे असा नाहीच. जाणाऱ्याने कोणत्या नात्याने जावे, असा तो आहे. या बाबतीत आमच्या जिल्ह्यात थोर उदाहरणे आहेत. १९३६ च्या एप्रिलात गांधीजी सेगावला राहायला गेले. जाण्यापूर्वी त्यांनी गावकऱ्यांपुढे उभे राहून आपण कशासाठी येणार आहोत ते सांगितले होते. जगभरची माणसे ज्याची वाट पाहत त्या माणसाने शेकडो घरांचेही नसलेल्या एका खेड्याला आधी सांगावे, हे मला फार मोठे वाटते. सगळ्यांना त्यांचे सगळे पटले असे नाही. अस्पृश्यता मोडायला निघालेला पाहुणा गावाला सोपा वाटणार नव्हताच. पण तो तिथे राहिला, तिथल्या तापाने आजारी पडला, गावाच्या डोळ्यांसमोर रोज उठला-बसला. गाव त्याला पाहत होते आणि तो गावाला. १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. पुढे १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. तिथल्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे पंधरा दिवसांचे शिबिर करते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात, आणि शिबिर संपले तरी तो पुढे त्या घरी जात राहतो. या रीतीतले मोल मला पंधरा दिवसांत दिसत नाही, पुन्हा जाण्यात दिसते. जो पुन्हा येणार आहे तो जपून विचारतो. जो पुन्हा येणार आहे त्याला ‘सुखी व समाधानी’ असे लिहिता येत नाही, कारण पुढल्या महिन्यात त्याला त्या घराचे तोंड पाहायचे असते.

शाळामास्तराला पंधरा दिवस राहता येत नाही आणि औषधही देता येत नाही. पण पुन्हा जाता येते. हे मला सुचायला निमित्त झाले एका फोटोचे. शिबिरात मी मोबाइलवर त्या म्हातारीचा फोटो काढला होता, आणि शाळेच्या फलकावर तो ‘आदिवासी जीवन : एक झलक’ या मथळ्याखाली लागला होता. सात महिने तो तिथे होता. येणारे-जाणारे पालक पाहत. जिचा तो फोटो, तिनेच तेवढा पाहिला नव्हता! श्रावणात एका रविवारी मी त्याची मोठी प्रत करून घेतली आणि हिंगणीची बस धरली. पाऊस पडून गेला होता. म्हातारी घरातच होती. तिने मला ओळखले नाही; फोटो पाहून मग ओळखले. तो हातात धरून तिने पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाली, “पदर नीट घेतला असता.” सात महिने माझ्या शाळेत ती पदर नीट न घेता उभी होती.

मग मी तिला सांगितले, की मी लिहितो, आणि दिवाळीच्या एका अंकात तिच्याविषयी लिहावे असे मनात आहे. गावाचे, तिचे नाव घालणार नाही. चालेल का? तिने विचारले, “काय लिवशीन?” मी शेंगांची, कागदाची, तिने उलट विचारलेल्या प्रश्नांची हकीगत सांगितली. तिला ती आठवत नव्हती. असली माणसे येतात आणि विचारून जातात, तिने कोणाकोणाचे लक्षात ठेवावे? पण ऐकून ती हसली आणि म्हणाली, “लिव. पन तुह्या घरचंबी लिव त्यात. माह्यंच काहून?”

मी कबूल केले. आता ते वचन पाळतो.

नाव लेखाच्या माथ्यावर आहे. वय चव्वेचाळीस. घरात माणसे चार. घर विटांचे, वर स्लॅब. पाणी नळाचे. जेवण दोन वेळा; मधला चहा मोजलेला नाही. कर्ज : आहे. बँकेचे, याच घरासाठी काढलेले. फिटायला अजून अकरा वर्षे आहेत, आणि आकडा लिहिताना माझाही हात थांबला. आकडा मी इथे देत नाही. म्हातारीने मात्र दिला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. घरात कोणी दारू पितो काय : याचे उत्तर मला ‘क्वचित, लग्नकार्यात’ असे द्यायचे होते. पण मी मुलांना दिलेल्या कागदात ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने होते. तेव्हा : होय.

राहिला शेवटचा प्रश्न. म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेतो? माझी आई गावी राहते, एकटी. बसने दीड तासाचे अंतर. लोकांना मी सांगतो की तिला तिकडेच करमते, शेजार चांगला आहे, तिला इथे कोंडल्यासारखे होईल. यात खोटे काही नाही. पण त्या म्हातारीने तो प्रश्न चुकून मुलीला विचारला आणि मला विचारला नाही, याचे मला त्या दिवशी किती बरे वाटले होते, ते मी कोणाला सांगितलेले नाही. आईला मी ‘आमच्याकडे राहायला ये’ असे एकदाच म्हटले. ती ‘नको’ म्हणाली. त्यावर मी पुन्हा विचारले नाही. खरे सांगायचे तर तिने ‘नको’ म्हटल्यावर मला हायसे वाटले होते.

ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला अवघड जाते तो दुसऱ्याला विचारूच नये, असे मी म्हणत नाही. तसे केले तर जगात कोणी कोणाला काही विचारायलाच नको. विचारावे, पण आपले उत्तर आधी तयार ठेवावे, आणि समोरच्याने न मागता द्यावे. यंदाही डिसेंबरात शिबिर त्याच गावी जाणार आहे. प्रश्नावली आहे, पण प्रत्येक प्रश्नासमोर आता दोन रकाने आहेत, आणि डावा रकाना मुलांनी आपल्या घरचा भरून न्यायचा आहे. काही पालकांनी त्याला हरकत घेतली. ‘आमच्या घरच्या गोष्टी शाळेला कशाला हव्यात?’ असे त्यांचे म्हणणे. हरकत रास्त आहे. मी त्यांना म्हणालो, ती ज्या क्षणी रास्त वाटली तो क्षण विसरू नका. दोन प्रश्न मी त्यानंतर कागदावरून काढून टाकले, दोन्ही रकान्यांतून.

माझ्या स्वतःच्या कागदावर शेवटचा डावा रकाना मी अजून शाईने भरलेला नाही. पेन्सिलीने लिहिले आहे : ‘एकटी राहते.’ हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आम्ही चौघे आईकडे असू. पाडव्याला तिच्या गावातही गायगोधन असते, गोवारी ढाल घेऊन निघतात. लहानपणी पाहिले होते, त्यानंतर नाही. फराळाचे ताट घेऊन जातो आहे. आणि तिला मी पुन्हा विचारणार आहे. या खेपेला ती ‘हो’ म्हणेल की ‘नको’, मला सांगता येत नाही. ‘हो’ म्हणाली तर मला कसे वाटेल, तेही आज सांगता येत नाही. पण ती माझे ताट रिकामे परत करणार नाही, एवढे मात्र मला पक्के ठाऊक आहे.